कमरेवरील दुर्धर जखमा आणि खाटेवरचे दोन महिने

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत पुनर्रचना शल्यचिकित्सा विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागील सभेत एका ज्येष्ठ देणगीदारांनी विचारलेला प्रश्न वर्षभर आमच्या मनात राहिला. आमच्या विभागातील एखादी खाट एकाच रुग्णाकडे दीड-दोन महिने असते. तेवढ्या काळात त्याच खाटेवर हर्नियाचे, अपेंडिक्सचे कितीतरी रुग्ण बरे होऊन घरी जाऊ शकतात. मग धर्मादाय रुग्णालयाने आपला पैसा कोठे लावावा? प्रश्नात आकस नव्हता. हिशोबी माणसाने विचारलेला तो रास्त प्रश्न होता. त्याचे उत्तर विस्ताराने देण्याची संधी मिळाली, याबद्दल आम्ही अध्यक्षांचे ऋणी आहोत.

ज्या जखमांविषयी बोलावयाचे आहे, त्या कमरेच्या खालच्या भागात, मणक्याचा शेवट आणि माकडहाड यांच्या आसपास होतात. आपल्या वऱ्हाडात त्या कोणाला होतात? विहिरीचे काम करताना खाली पडलेल्या मजुराला. शेळ्यांसाठी पाला तोडताना झाडावरून पडून मणका मोडलेल्या तरुणाला. ट्रॅक्टर उलटून किंवा रात्रीच्या वेळी दुचाकीला अपघात होऊन कमरेखालची संवेदना गेलेल्यांना. मणक्याच्या क्षयरोगाने पाय लुळे पडलेल्यांना. आणि खुब्याचे हाड मोडून अंथरुणाला खिळलेल्या आपल्याच घरातील आजीला. क्वचित मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर टाके उसवून आतील धातूची पट्टी उघडी पडते, किंवा कर्करोगाची गाठ काढून किरणोपचार घेतल्यावर तेथील कातडी पुन्हा भरून येत नाही. कारणे निरनिराळी असली तरी अखेरीस समोर दिसते ते एकच: तळाशी हाड असलेली खोल पोकळी.

निरोगी माणूस झोपेतही कूस बदलतो. एका जागी भार पडला की सूक्ष्म रक्तवाहिन्या दबतात, तेथे दुखू लागते आणि न उठताच तो वळतो. संवेदना गेली की ही राखण संपते. अमरावतीकरांना हे नव्याने सांगावयास नको. १९४६ साली डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी येथे तपोवन उभारले. वेदना नसलेला पाय माणसाला कसा घात करतो, हे त्या परिसरात वावरलेल्या प्रत्येकाने पाहिले आहे. कुष्ठरुग्णाच्या तळपायाचे जे होते, तेच मज्जारज्जू तुटलेल्या माणसाच्या पाठीचे होते. रोग निराळा असला तरी वेदना हरपल्याने होणारे नुकसान एकाच जातीचे असते.

या जखमेचे रूप फसवे असते, हे कुटुंबीयांनी विशेष लक्षात घ्यावे. दाबाखाली स्नायू आधी मरतो, कातडी नंतर. म्हणून वर रुपयाएवढा काळसर डाग दिसतो आणि आत मूठ जाईल एवढे मांस सडलेले असते. सावळ्या कातडीवर सुरुवातीची लाली दिसतही नाही. तो भाग किंचित गरम, कठीण किंवा निळसर लागतो, एवढीच काय ती खूण. पुष्कळदा घरचे लोक म्हणतात, ‘परवापर्यंत काहीच नव्हते, एकदम भोक पडले.’ ते खोटे बोलत नसतात. आत घडत असलेले त्यांना दिसण्यासारखे नव्हते.

अशी जखम नुसत्या मलमपट्टीने भरेल, ही आशा फार महाग पडते. लहान आणि उथळ जखम निश्चित भरते. हाड उघडे पडल्यावर मात्र महिनोन्‌महिने पाणी वाहत राहते, त्या पाण्यातून शरीरातील प्रथिने वाहून जातात, रक्त कमी होते, हाडात जंतुसंसर्ग होतो आणि ताप येऊ लागतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वी मणका तुटलेले बहुतेक रुग्ण पाठीच्या जखमांनी किंवा मूत्रमार्गाच्या संसर्गाने दगावत. डॉ. लुडविग गुटमान यांनी १९४४ मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडविल येथे विभाग सुरू केला, तेव्हा त्यांचा पहिला आग्रह एकच होता: दर दोन तासांनी, दिवसा आणि रात्रीही, रुग्णाची कूस बदलायची. औषध म्हणावे असे त्यात काहीच नाही. त्याने माणसे जगू लागली.

आता शस्त्रक्रियेकडे वळू. जखम साफ करून मांडीची पातळ कातडी तिच्यावर लावली तर काय बिघडते, असे अनेकजण विचारतात. अशा पातळ कातडीला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. ती खालच्या जमिनीवर जगते. उघड्या हाडावर ती तगत नाही, आणि तगलीच तर बसता-उठता सोलून निघते. वरूड-मोर्शीकडील संत्रा बागायतदारांना आम्ही हे असे समजावतो: खडकावर बी फेकून झाड येत नाही, रोप मुळाशी मातीचा गोळा ठेवून उचलले, तरच ते नव्या खड्ड्यात धरते. पातळ कातडी हे बी, आणि स्नायूचा पट हे मातीच्या गोळ्यासकट उचललेले रोप. शल्यविशारद त्याला फ्लॅप म्हणतात. स्वतःच्या रोहिणी-नीलेसह स्नायू जागेवरून फिरवून तो पोकळीत बसवावयाचा आणि वरून कातडी जोडावयाची.

हे तत्त्व आपल्या मुलखाला परके नाही. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’ या मासिकात ऑक्टोबर १७९४ मध्ये पुण्याजवळच्या एका शस्त्रक्रियेचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. इंग्रजी सैन्यात बैल हाकणाऱ्या कावसजीचे नाक टिपूच्या माणसांनी कापले होते. विटा घडविणाऱ्या समाजातील एका वैद्याने त्याच्या कपाळावरील कातडी उतरवून नवे नाक घडविले. उतरविताना दोन भुवयांमधला देठ त्याने मुद्दाम तोडला नाही, कारण त्या देठातून रक्त जाते. नवी जागा धरल्यावर, पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास, तो देठ कापला जाई. आणि शस्त्रक्रियेनंतर पाच-सहा दिवस रुग्णास उताणे झोपवून ठेवीत, असेही त्या वृत्तान्तात नमूद आहे. या शेवटच्या वाक्याकडे आम्ही आपले लक्ष मुद्दाम वेधतो. शस्त्रक्रियेनंतर कसे झोपवावयाचे हा उपचाराचाच भाग आहे, हे त्या कारागिराला ठाऊक होते. तो वृत्तान्त वाचून लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ साली तशी शस्त्रक्रिया केली आणि ही विद्या युरोपात पसरली. पुढे स्वतंत्र भारतात प्लास्टिक सर्जरीचा पहिला स्वतंत्र विभाग विदर्भातच, नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, डॉ. सी. बाळकृष्णन यांच्या नेतृत्वाखाली १९५८ साली सुरू झाला. या विषयाचा उगम मुंबईत झाला असे समजणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

स्नायू वापरण्याची कल्पना मात्र बरीच नंतर रुजली. १९७० च्या दशकात शल्यविशारदांनी प्रत्येक स्नायूची मुख्य रक्तवाहिनी कोठून शिरते, तिच्यावर किती भाग जगतो, याचे नकाशे तयार केले. १९८२ मध्ये चांग आणि मॅथिस यांनी प्रयोगांतून दाखविले की स्नायूसह आणलेला पट नुसत्या कातडीच्या पटापेक्षा जंतूंचा प्रतिकार अधिक चांगला करतो. दूषित, हाडापर्यंत गेलेल्या जखमेत आम्ही स्नायूचा आग्रह धरतो तो यासाठी. तो पोकळी भरतो आणि भरपूर रक्त आणतो. त्या रक्ताबरोबर प्रतिजैविक औषधही जेथे पोहोचावयास हवे तेथे पोहोचते.

परंतु कोणता स्नायू घ्यावयाचा? आमच्या कामातील सर्वांत कठीण निर्णय हाच, आणि तो शस्त्रक्रियागृहात नव्हे तर रुग्णाच्या घरची हकिकत ऐकताना होतो. कमरेखालच्या जखमेला सर्वांत जवळचा म्हणजे कुल्ल्याचा मोठा स्नायू. ज्याचे पाय कायमचे लुळे झाले, त्याला या स्नायूचा उपयोग उरलेला नसतो. तो निःशंकपणे वापरता येतो. पण चालत्या-फिरत्या माणसाला उकिडव्यावरून उठण्यासाठी आणि जिना चढण्यासाठी हाच स्नायू लागतो. निंदण करणाऱ्या, दिवसभर बसत-उठत काम करणाऱ्या बाईचा हा स्नायू आपण सगळा काढून घेतला, तर जखम भरेल आणि मजुरी जाईल. सुदैवाने या स्नायूला वरून आणि खालून अशा दोन स्वतंत्र रोहिण्या येतात. त्यामुळे वरचा अर्धा भाग फिरवून खालचा कामासाठी शिल्लक ठेवता येतो. त्याहून पुढची पायरी म्हणजे स्नायूला हात न लावता, त्यातून वर येणारी बारीक रोहिणी सोडवून केवळ कातडी व चरबी तिच्यावर फिरवणे. जपानचे डॉ. इसाओ कोशिमा यांनी १९९३ मध्ये माकडहाडाजवळील जखमांसाठी ही पद्धत मांडली. जखम फार खोल नसेल आणि रुग्ण चालणारा असेल तर आम्ही ती पसंत करतो.

दुसरा मोठा स्नायू पाठीवरचा, काखेपासून कमरेपर्यंत पंख्यासारखा पसरलेला. कमरेच्या मधोमध, जेथे खालून कुल्ल्याचा स्नायू पुरत नाही, तेथे तो कामी येतो. त्याची मुख्य रोहिणी काखेतून येते. परंतु मणक्यालगतही त्याला लहान लहान वाहिन्या मिळतात, आणि त्यांच्या आधारे तो पुस्तकाच्या पानासारखा उलटवून मध्यरेषेवर आणता येतो. येथे हिशोब नेमका उलटा होतो. चालणाऱ्या माणसाला हा स्नायू गेल्याचे फारसे जाणवत नाही. चाकाच्या खुर्चीवर जगणाऱ्याला मात्र खाटेवरून खुर्चीत आणि खुर्चीतून संडासात स्वतःला उचलून नेण्यासाठी हाच स्नायू बळ देतो. तो घेतला तर पाठ भरते, पण घरच्यांवरचे अवलंबन वाढते. एखाद्या रुग्णाच्या बाबतीत आम्ही दोन-दोन दिवस निर्णय लांबवतो, वेळोवेळी नातेवाइकांना बोलावून ‘हा दिवसभर काय काय करतो’ असे विचारत राहतो, तेव्हा काहींना तो वेळकाढूपणा वाटतो. तो निर्णयाचाच वेळ असतो.

क्वचित असा रुग्ण येतो की ज्याच्या आसपासचे सर्व पट पूर्वीच्या शस्त्रक्रियांत वापरून झालेले असतात, किंवा किरणोपचाराने भोवतालच्या वाहिन्या निकामी झालेल्या असतात. तेव्हा दूरचा स्नायू पूर्णपणे सोडवून आणावा लागतो आणि त्याची रोहिणी व नीला नव्या जागच्या वाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली शिवावी लागते. या वाहिन्यांचा व्यास दोन-तीन मिलिमीटर, धागा केसाहूनही बारीक. १९६० मध्ये जेकबसन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली लहान वाहिन्या जोडून दाखविल्या आणि १९७० च्या दशकात त्या तंत्राने दूरचे पट नेणे शक्य झाले. कमरेच्या भागातील अडचण अशी की जोडण्याजोगी वाहिनी जवळ सहज सापडत नाही. कुल्ल्याच्या खोल रोहिणीपर्यंत उतरावे लागते, किंवा पायातील लांब नीला काढून, तिचा फाटा जांघेतील वाहिनीला जोडून तो कमरेपर्यंत आणावा लागतो, जसे दूरच्या विहिरीवरून पाइप टाकून शेतात पाणी न्यावे. स्नायूला रक्ताविना फार काळ ठेवता येत नाही. त्यामुळे हे सर्व घड्याळ पाहत करावयाचे असते. नंतरचे दोन-तीन दिवस परिचारिका रात्रंदिवस दर तासाला पटाचा रंग, उष्णता आणि रक्त भरण्याचा वेग पाहते. जोड बंद पडला आणि लवकर लक्षात आला तर रुग्णास तातडीने पुन्हा टेबलावर घेऊन तो सोडविता येतो. उशीर झाला तर सगळे श्रम वाया जातात. सूक्ष्मदर्शकासाठी देणगी देणाऱ्यांचे आम्ही मनःपूर्वक आभारी आहोत. त्यांना हेही सांगितले पाहिजे की कमरेच्या बहुसंख्य जखमा त्या यंत्राविना, जवळच्याच स्नायूने भरतात, आणि तसे शक्य असेल तेथे आम्ही साधाच मार्ग धरतो.

आता मूळ प्रश्नाकडे. शस्त्रक्रियेला काही तास लागतात. मग दोन महिने कशाचे?

पहिले दोन-तीन आठवडे तयारीचे. सडलेले मांस काढणे, हाडाचा संसर्ग आटोक्यात आणणे, रक्त वाढविणे. अंगात प्रथिने नसतील तर उत्तम शिवलेला टाकाही उसवतो. म्हणून आम्ही आधी तुरीचे वरण, शेंगदाणे, अंडी, दूध यांचा हिशोब मांडतो. रुग्णाचे वजन वाढेपर्यंत शस्त्रक्रिया पुढे ढकलल्याबद्दल नातेवाईक नाराज होतात, हे आम्ही जाणतो. शौचाने जखम भिजत असेल तर त्याची व्यवस्था, लुळ्या पायांत आकडी येत असेल तर तिचे औषध, हेही याच काळात.

शस्त्रक्रियेनंतर साधारण तीन आठवडे रुग्णाने नव्या पटावर क्षणभरही भार द्यावयाचा नाही. म्हणजे पालथे किंवा कुशीवर झोपणे, तसेच जेवणे, तसेच शौच. अकोल्याचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो. पालथ्या माणसाच्या छातीखाली घाम साचतो आणि तेथेच नवी जखम होण्याची भीती असते. हवेच्या गादीला वीज लागते. वीज गेली की गादी बसते आणि कोणीतरी धावत जाऊन रुग्णास हाताने वळवावे लागते. त्यानंतर बसण्याचा सराव: पहिल्या दिवशी पंधरा मिनिटे, उठवून पाठ तपासणे, लाली उतरली तर दुसऱ्या दिवशी थोडे अधिक. मेळघाटातील धारणीच्या पलीकडच्या गावी परतणाऱ्या रुग्णास हा सराव पूर्ण होण्याआधी सोडले, तर टाके उसवल्यावर त्याला पुन्हा आमच्यापर्यंत येण्यास किती दिवस लागतील, याचा विचार आम्ही सोडण्यापूर्वी करतो. पंधराव्या दिवशी खाट मोकळी करणे शक्य आहे. कागदोपत्री शस्त्रक्रिया यशस्वी झाल्याचीही नोंद होईल. मात्र तो रुग्ण सहा महिन्यांनी परत येईल आणि त्या वेळी वापरण्याजोगा एक स्नायू कमी झालेला असेल. माणसाच्या शरीरात असे पट मोजकेच असतात, विकत मिळत नाहीत. खाटेचा हिशोब मांडताना ही वजाबाकीही त्यात धरावी, अशी आमची नम्र विनंती आहे.

याच कारणाने काही रुग्णांना आम्ही नकार देतो, किंवा थांबावयास सांगतो. ज्याला घरी वळविणारे कोणी नाही, ज्याची तंबाखू-बिडी सुटत नाही, ज्याला बसण्यासाठी गादीची व्यवस्था नाही, त्याच्या पाठीत स्नायू बसविणे म्हणजे तो वाया घालविणे होय. अशा जखमा पुन्हा होण्याचे प्रमाण जगातील सुसज्ज केंद्रांतही बरेच आहे. नकार ऐकताना कुटुंबीयांच्या चेहऱ्यावर जे उमटते ते पाहणे सोपे नसते. पण त्या नकारातील बहुतेक अडचणी वैद्यकीय नाहीत, पैशाने आणि माणसांनी सुटण्यासारख्या आहेत. देणगीदारांचा संबंध येतो तो येथे.

शासनाच्या योजनेत पहिल्याच टप्प्यात, २०१२ साली, अमरावती जिल्ह्याचा समावेश झाला. आज महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ती चालते. पात्र रुग्णाचा शस्त्रक्रियेचा भार त्यामुळे हलका होऊ शकतो. रुग्णाजवळ दोन महिने बसलेल्या भावाची बुडालेली मजुरी, त्याच्या दोन वेळच्या भाकरीचा आणि रात्री पाठ टेकण्याचा खर्च मात्र कोणत्याही तक्त्यात बसत नाही. तो भाऊ गेला की उपचार अर्धा संपतो, कारण रात्री दोन वाजता वळवावयास तोच असतो. आपल्याच जिल्ह्यात शेंडगावी जन्मलेल्या गाडगे बाबांनी पंढरपूर-नाशिकला यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या, तशीच मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठीही सोय केली. दवाखान्याच्या दारात बसलेला नातेवाईक उपचाराचाच भाग आहे, हे त्यांनी पाहिले होते.

म्हणून यंदा विभागाने विश्वस्तांपुढे मोठ्या यंत्राची मागणी ठेवलेली नाही. नातेवाइकांसाठी वरच्या मजल्यावरील दोन खोल्या, हवेच्या गाद्यांना वीज गेल्यावरही चालू ठेवणारे बॅटरीचे संच, आणि घरी जाताना देण्यासाठी बसण्याच्या जाड फोमच्या गाद्या, एवढाच आमचा अर्ज आहे. या गाद्या परत घेण्याच्या बोलीवर द्याव्यात की कायमच्या, यावर आमच्यातच मतभेद आहेत. परत घेण्याची अट घातली तर गरीब कुटुंब संकोचाने नेत नाही. अट नसेल तर गादी घरातील म्हाताऱ्यांच्या खाली जाते. आमचा कल कायमच्या देण्याकडे आहे, कारण त्या म्हाताऱ्यांनाही तिचा उपयोग होतोच.

येथे उपस्थित कुटुंबीयांना एक सूचना. घरी गेल्यावर सकाळी आंघोळीच्या वेळी आणि रात्री झोपण्यापूर्वी रुग्णाची पाठ उजेडात पाहावी. रुग्ण एकटा असेल तर त्याला लांब दांड्याचा आरसा द्यावा. आमच्या वॉर्डात तो कसा धरावयाचा हे शिकविले जाते. कोठेही काळसर डाग दिसला आणि बोटाने दाबून सोडल्यावर त्याचा रंग बदलत नसेल, किंवा तो भाग गरम आणि कठीण लागत असेल, तर त्या जागी भार देणे त्याच क्षणी बंद करावे आणि आम्हांला कळवावे. हळद, पावडर, कढत पाण्याचा शेक यांपैकी काहीही करू नये. संवेदना नसलेल्या कातडीला शेकाने भाजते आणि रुग्णाला ते कळतही नाही.

वॉर्डात कूस बदलण्याचा तक्ता दाराशीच लावलेला आहे. ज्या देणगीदारांना पाहावयाचे असेल त्यांनी सभेनंतर चार वाजता यावे. त्या वेळची पाळी आज एका रुग्णाचे वडील आणि आमच्या परिचारिका मिळून करणार आहेत.